तोलणारे तात्या

वडील मार्केट यार्डात भुसार विभागात हमाल, आई एका गाळ्यावर धान्य निवडायला. शाळेत जायच्या आधी मी तिथेच थप्प्यांच्या आडोशाला खेळायची. उजवी पापणी जन्मापासून पडलेली. 'मोठी झाली की उघडेल,' म्हणून बायका आईची समजूत घालत. घरात काळजी होती ती लग्नाची.

तात्या तोलणार होते. काट्यावर बसणाऱ्याची नजर बारीक. त्यांनीच वडिलांना हटकलं, ''अरे, पोर सारखी हनुवटी वर करून बघतीय. रूपाचं सोड, तिची नजर जाईल.'' आणि स्वतः खाडा करून ते आमच्याबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यात आले.

डॉक्टरांनी अंगठ्याने भुवई दाबून धरली, मला खाली-वर बघायला लावलं आणि पापणी किती उचलते ते पट्टीने मोजलं. 4 मिलिमीटरही भरेना. पापणी उचलणारा स्नायूच नीट घडला नव्हता. तो आखूड करून भागणार नव्हतं. मग मांडीच्या स्नायूवरच्या चिवट आवरणाची पट्टी काढून पापणी कपाळाच्या स्नायूला जोडली. तेव्हापासून मी भुवई उचलते, तेव्हा पापणी उचलते. झोपेत डोळा किलकिला राहायचा. कोरडा पडू नये म्हणून आई रात्री मलम घालायची.

खरी खटपट पुढेच होती. इतके दिवस झाकलेला डोळा आळसावला होता. मेंदूला त्याच्याकडून बघायची सवयच नव्हती, आणि ती लहानपणीच लागते. त्यासाठी चांगला डोळा रोज काही वेळ झाकायचा. पट्टी लावली की मी भोकाड पसरायची. तात्या मला पोत्यांसमोर उभं करत, ''वाच मार्का.'' आधी हत्ती, कमळ, मग अक्षरं. ओळखलं की हातावर गुळाचा खडा. पाटीआधी मी बारदानावर वाचायला शिकले.

वडील काही देऊ लागले तर तात्या म्हणाले, ''कष्टाची भाकरमध्ये जेवू घाल, फिटलं.'' हमाल पंचायतीच्या त्या केंद्रात वडिलांनी त्यांना जेवू घातलं. फिटलं मात्र नाही.

आता कुठेही हनुवटी वर करून बघणारं पोर दिसलं की मी त्याच्या आईबापांना गाठते, ''मोठं व्हायची वाट बघू नका, आधी डोळा दाखवा.'' काहींना हा आगाऊपणा वाटतो. वाटू दे. तात्यांनीही आमच्या घरात नाक खुपसलं होतंच.