स्लेव्ह सिलिंडरवरचा निपल

गाडीखाली वाकून गिअरबॉक्सच्या कडेला पाहिलं की तो दिसतो. बोटाच्या पेराएवढा, डोक्यावर रबरी टोपी, अंगावर तेलकट धुळीचा थर. एरवी तो कुणाच्या खिजगणतीत नसतो. क्लच मऊ पडला, रिव्हर्स टाकताना गिअर खरखरायला लागला, पेडल खालीच बसून राहिलं, की त्याच्याकडे जावंच लागतं.

लाइनमध्ये एअर शिरलेली असते. ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पायाचा जोर थेट स्लेव्ह सिलिंडरपर्यंत पोचतो. हवा मात्र दबते आणि तो जोर मधल्या मध्ये गिळते. तिला घालवायचं ते याच्याच वाटेनं. हा आतून पोकळ, टोकाला निमुळता, टोकाजवळ आडवं भोक. आवळला की वाट बंद, जरासा सैल केला की मोकळी. सिलिंडरच्या वरच्या अंगाला त्याची जागा, कारण हवा वरच गोळा होते.

वेळेच्या बाबतीत तो फार कडक. एकानं आत बसून पेडल मारायचं, दुसऱ्यानं खाली पाना धरायचा. ‘दाबून धर’ म्हटलं की वरचा पाय हलता कामा नये. मग निपल सैल करायचा. त्यावर चढवलेल्या पारदर्शक नळीतून बुडबुडे धावतात, मागोमाग काळपट ऑइल बाटलीत उतरतं. आधी निपल आवळायचा, मगच ‘सोड’ म्हणायचं. क्रम चुकला की गेलेली हवा परत आत. वरच्या डब्यातलं ऑइल संपू दिलं तरी तीच गत; म्हणून मधून मधून भर घालायची, तीही डब्याच्या झाकणावर लिहिलेल्या डॉट ३ किंवा डॉट ४ चीच आणि नव्या बाटलीतली. फोडून ठेवलेलं ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. रंगावर सांडलं तर रंग खातं, लगेच पाण्यानं धुवा.

घाई त्याला सोसत नाही. गंजलेल्या निपलला फिक्स पाना लावून हिसका दिला की कडा झिजतात, नाहीतर मानच तुटते, आणि मग सिलिंडर उतरवावा लागतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, बरोबर मापाचा रिंग पाना घ्या, बहुधा ८ किंवा १० चा. मला सगळ्यात जास्त राग येतो तो हरवलेल्या टोपीचा. एवढीशी रबरी वस्तू. ती नसली की पावसाचं पाणी, चिखल थेट त्याच्या भोकात.

बुडबुडे थांबले, पेडल वरच घट्ट लागायला लागलं, की त्याचं काम झालं. पुढच्या आठवड्यात क्लच पुन्हा मऊ पडला तर निपलला बोल लावू नका, पुन्हा पुन्हा पिळूही नका. पेडलच्या वर मास्टर सिलिंडरपाशी हात फिरवा, स्लेव्हचं रबर सरकवून पाहा. कुठलं तरी सील गेलेलं असतं.