शेंदूर

आमच्या मागील पडवींत एक लहानसें लेथयंत्र आहे. कातारी ज्यावर लांकूड कांततो तो चरक वाचकांनीं पाहिला असेल. हें लोखंड कांततें, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. यंत्र आमच्या वडिलांचें. १९६१ सालीं जुन्या बाजारांतून त्यांनीं तें आणलें आणि पुढें चाळीस वर्षें शिलाईयंत्रांच्या आंसांपासून पंपांच्या दांड्यांपर्यंत गांवांत जें झिजेल तें त्यावर नवें करून दिलें. त्यांच्या पश्चात् तें आमच्याकडे आलें, आणि त्याबरोबर त्याचा दोषहि आला. वीतभर सळई कांतली तर तिचें चकाकडील टोंक दुसऱ्यापेक्षां इंचाच्या दोन हजारांशांनीं जाड निघे. एवढ्यानें कोणाचें काय बिघडतें, असा प्रश्न घरांत निघाला. कोणाचें नाहीं, पण ज्या भोंकांत ती सळई बसवावयाची तें भोंक असली तडजोड मानीत नाहीं.

अचूक वस्तु करावयाची तर तिच्याहून अचूक यंत्र हवें, अशी आमची समजूत होती. मग पहिलें अचूक यंत्र कशावर झालें, हें मात्र आमच्या कधीं मनांत आलें नव्हतें. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकारानें १८४० सालीं ग्लासगो येथील विद्वत्सभेंत प्रतिपादन केलें कीं, खरें सपाट पृष्ठ घांसून होत नाहीं, हातानें खरवडून होतें. युक्ति अशी: बिडाचे तीन पाट घ्यावयाचे. दोनच घेतले तर एक फुगीर व दुसरा खोलगट असूनहि ते एकमेकांशीं बेमालूम जुळतील. संसारांत अशीं जोडपीं आपण पाहतोंच. पण तिसरा पाट आळीपाळीनें दोघांना लावला कीं बिंग फुटतें. तिघेहि परस्परांशीं जुळले तर ते सपाटच असले पाहिजेत.

आमचे शेजारी एक वृद्ध फिटर आहेत. सारी आळी त्यांना मिस्त्री म्हणते. खरवडून सरळ केलेली बिडाची एक पट्टी त्यांच्यापाशीं होती. तिला तेलांत कालवलेला शेंदूर अगदीं पातळ फांसावयाचा, हत्याराचा गाडा ज्या रुळांवर सरकतो त्यांवर ती हलकेच फिरवावयाची, आणि जेथें शेंदूर उमटेल तें उंच समजून तेवढेंच खरवडावयाचें. परसांत मारुति बसवतां कीं काय, असें सौभाग्यवतींनीं विचारलें. (शेंदूर शिशाचा, म्हणून हात धुतल्याशिवाय आम्हांला पानावर बसूं देत नसत.) खरवडण्याचें हत्यार म्हणजे धार लावलेली जुनी कानस. एका फेरींत निघतें काय, तर इंचाच्या दहा हजार भागांपैकीं दोनतीन भाग. बोटांना काळी पूड लागते तेवढीच. पुन्हां पुसा, पुन्हां शेंदूर, पुन्हां खरवडा. चौरस इंचांत वीसएक ठिपके सारखे उमटले म्हणजे रूळ जमला. मधल्या खोलगटींत तेल राहतें, तेंहि हवेंच असतें.

दोष कोठें आहे हें पट्टीनें पहिल्याच दिवशीं दाखविलें. टोंकाशीं, जेथें गाडा कधीं पोंचलाच नाहीं, तेथें रूळ जसाच्या तसा होता. आणि चकापासून वीतभर अंतरावर, जेथें वडिलांचें बहुतेक काम चाले, तेथें तो चार हजारांश खोल आणि आरशासारखा चकचकीत. ती झीज म्हणजे त्यांचा चाळीस वर्षांचा उद्योग. ती आपल्या हातानें खरवडून टाकावयाची, या कल्पनेनें आमचा हात दोन दिवस उचलेना. शेवटीं मिस्त्रींपाशीं बोललों, तेव्हां ते हंसले.

"ती कोण काढतो? बीड काढतां येतें, घालतां येत नाहीं. तुमच्या दादांनीं जेथवर नेलें, तेथवर बाकीचें आपण खालीं आणायचें."

पावसाळाभर आम्ही तेंच करीत होतों. हत्याराची मूठ कमरेशीं टेंकून पुढें ढकलावयाची, त्यामुळें पाठ धरली. हाताच्या उबेनें पट्टी वांकते, म्हणून मिस्त्री ती फडक्यानेंच धरूं देत. चकाकी मात्र शेंदराला शिवेना. भाद्रपदांत एका सकाळीं पट्टी उचलली, तों तिच्यावर दोन तांबूस ठिपके. मिस्त्रींनीं चष्मा पुसला, वांकून पुन्हां पाहिलें, आणि "आतां जपून" म्हणत हत्यार आमच्या हातून काढून घेतलें.

गाड्याची खालची बाजू अजून व्हावयाची आहे. ती दिवाळीनंतर.