माळावरचे मुक्कामी

शिकारी पक्षी म्हटला की आपली मान आपोआप वर जाते. भोवत्या बघायचा तर मात्र नजर खाली हवी. मध्य आशियातल्या गवताळ मुलखातून हिवाळ्यासाठी आलेला हा पक्षी बंगळुरूच्या वायव्येला, हेसरघट्ट्याच्या माळावर, रात्री गवतातच झोपतो. झाडावर नाही, खडकावर नाही, थेट जमिनीवर.

दिवस कलला की एकेक जण येऊ लागतो. पंख किंचित उचललेले, गवताच्या शेंड्यांना पोट लागेल न लागेल इतकं खालून तरंगणं. नर राखाडी, मादी तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. चेहऱ्याची ठेवण थोडी घुबडाच्या वळणाची, कारण गवतातली खुसफूस त्याला कानांनीही टिपायची असते. दोन-चार घिरट्या, आणि एकदम खाली. मग दुर्बीण कितीही फिरवा.

त्याच्या अभ्यासात भपका नाही. बंगळुरूच्या ‘एट्री’ संस्थेतले टी. गणेश आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं भोवत्यांच्या मागावर आहेत. संध्याकाळी लांब बसून मोजायचे आणि सकाळी पक्षी उडून गेले की त्यांनी ओकलेल्या गुठळ्या वेचायच्या. अशी वाळलेली गुठळी फोडली की नाकतोड्यांचे पाय, उंदराचे केस, बारीकसं हाड हाती लागतं. शेतकऱ्याचं पीक खाणारेच हे जीव. ते मारायला आपण औषध फवारतो आणि ते फुकट खाणाऱ्या पाहुण्याचं ताट ओढून घेतो.

पण औषधापेक्षाही मला धास्ती वाटते ती ‘पडीक’ या सरकारी शेऱ्याची. आमच्या इंदापूरकडचा कडबनवाडीचा माळ असो की हेसरघट्टा, झाड नाही म्हणजे जागा रिकामी, अशीच समजूत. मग कुणी तिथे चित्रनगरी आखतो, कुणी भल्या मनाने रोपं लावतो. भोवत्याच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. हेसरघट्ट्याला अर्कावती नदीवर 1894 मध्ये बांधलेल्या तलावाने बंगळुरू शहराला पाणी दिलं, म्हणून त्याची नोंद राहिली. शेजारच्या गवताने काय दिलं, हे कुणी विचारलं नाही. हेसरघट्ट्याचा हा माळ राखीव करण्याचा प्रस्ताव 2021 मध्ये कर्नाटकाच्या वन्यजीव मंडळाने फेटाळला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि 2024 मध्ये त्याच मंडळाने पाच हजारांहून अधिक एकरांना मान्यता दिली. उशिरा का होईना, शहाणपणाचा निर्णय!

आता बाकी आहे ते आपल्याकडे. छायाचित्राच्या हौसेपायी गवतात गाड्या घालणारे काही परके नाहीत, आपलेच पक्षीप्रेमी आहेत. हेसरघट्ट्याला जरूर जा, पण गाडी रस्त्यावरच ठेवा, आणि अंधार पडायच्या आत माळावरून निघा.