‘कंदिसा’मागची माणसे

सक्करदरा, नागपूर

चि. अथर्व,

‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बँडची गाणी परदेशातील मराठी घरांत, विशेषतः तुझ्या वयाच्या मुलांत, आता फोनवर सुटी सुटी ऐकली जातात. परंतु ती कोठून आली आणि ज्यांनी ती घडवली ते चौघे कोण, हे जयदीप वर्मा यांच्या ‘लीव्हिंग होम’ या माहितीपटाशिवाय नीट उलगडत नाही, आणि म्हणूनच या बँडचे जुने चाहते त्याच्या अल्बमांइतकाच, म्हणजे एका क्रमाने ऐकण्यासाठी एकत्र बांधलेल्या गाण्यांइतकाच, या चित्रपटाला जीव लावतात.

सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी १९९० च्या सुमारास बांधलेल्या या बँडमध्ये १९९१ मध्ये राहुल राम आणि १९९४ मध्ये अमित किलम आले, तेव्हा चौकडी पूर्ण झाली. या बँडला रॉक बँड म्हणतात, आणि रॉक म्हणजे विजेवरची गिटार, खालच्या सुरांची बास गिटार आणि ड्रम यांच्या जोरावर उभे राहिलेले मूळचे अमेरिका-इंग्लंडमधील संगीत. येथे मात्र ड्रमच्या शेजारी मांडी घालून बसलेले असीम तबला वाजवता वाजवताच गात, सुस्मित यांची गिटार ऐकताना सरोदाची आठवण होई, आणि अमित ड्रम सोडून मधूनच गाबगुबी हाती घेत. गाबगुबी हे बंगालच्या बाउल गायकांचे वाद्य असून त्याचे भांडे काखेत धरतात, त्याच्या कातड्यातून निघालेली तार एका हाताने ताणून दुसऱ्या हाताने छेडतात, आणि ताण कमीजास्त होताच त्यातून माणसाच्या हुंकारासारखा आवाज निघतो.

‘कंदिसा’ हा २००० साली आलेला अल्बम चाहत्यांना सर्वांत जवळचा आहे आणि त्यातील ‘मा रेवा’ हे गाणे मराठी वाचकाने तर आवर्जून समजून घ्यावे असे आहे. राहुल राम यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात, म्हणजे हवा, पाणी व माती यांतील विषारी द्रव्यांच्या परिणामांच्या अभ्यासात, पीएच.डी. मिळवली आणि परत येऊन नर्मदेवरील धरणांना विरोध करणाऱ्या नर्मदा बचाओ आंदोलनात काम केले. रेवा म्हणजे नर्मदा, आणि तिच्या खोऱ्यातील लोकगीत त्यांच्यामार्फत या बँडकडे आले. ही नदी महाराष्ट्राच्या सीमेवरून जेमतेम ५४ किलोमीटर वाहते, पण तिच्यावरील सरदार सरोवर धरणाच्या पाण्याने राज्यातील ३३ आदिवासी गावे बाधित झाली आणि आज नंदुरबार जिल्ह्यात असलेले मणिबेली हे त्यांतले पहिले ठरले. वैनगंगेवरील गोसेखुर्द धरणासाठी उठलेली गावे ज्या नागपूर-भंडारा भागाने पाहिली आहेत, तेथे हे गाणे केवळ सुरेल चाल म्हणून ऐकणे अवघड जाते.

अल्बमला नाव देणारे गाणे याहून दूरचे वाटते, कारण ते केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतील सिरियाक भाषेतले स्तोत्र आहे, आणि सिरियाक ही येशूच्या काळी बोलल्या जाणाऱ्या अरामाईकची एक शाखा होय. देव पवित्र आहे, तो बलवान आणि अमर आहे, त्याने दया करावी, एवढाच त्याचा आशय. ते संथपणे सुरू होते, आवाजावर आवाज चढत जातो, आणि एकही शब्द न कळलेला श्रोता त्यात ओढला जातो. सक्करदऱ्याच्या रहिवाशाला याचे नवल वाटू नये; रघुजीराजे भोसले यांच्या येथील वाड्यात राहिलेले आणि १९२५ मध्ये देह ठेवलेले सूफी संत बाबा ताजुद्दीन यांच्या ताजाबादच्या दर्ग्यात फारसी-उर्दू कव्वालीपुढे मराठी भाविक रात्र रात्र बसतात, आणि अर्थ कळला नाही म्हणून कोणी उठून जात नाही.

‘लीव्हिंग होम’ हे नावही ‘कंदिसा’मधील एका रचनेचेच आहे. चौघांचे बोलणे आणि त्यांचे वादन एकमेकांत गुंफत हा चित्रपट पुढे सरकतो, त्यांना मोठे करून दाखवण्याची घाई करत नाही, आणि त्याची खरी थोरवी येथेच आहे. तो २ एप्रिल २०१० रोजी चित्रपटगृहांत लागला, माहितीपटाच्या वाट्याला आपल्याकडे हे क्वचितच येते, आणि पुढे त्याला कला-संस्कृती विभागाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. परंतु त्याआधी, २५ डिसेंबर २००९ रोजी, असीम चक्रवर्ती गेले होते. ते हयात असताना चित्रित झालेले काम त्यांच्या पश्चात पडद्यावर आले, त्यामुळे बँडची ओळख करून देण्यासाठी काढलेला चित्रपट चाहत्यांसाठी त्यांच्या आवाजाची आणि त्या चौकडीची ठेव होऊन बसला.

असीम यांचा आवाज ज्यात शेवटचा आहे तो अल्बम ‘१६/३३० खजूर रोड’ होय. हा दिल्लीच्या करोल बागेतील त्या जुन्या घराचा पत्ता, जेथे बँडचा सराव वर्षानुवर्षे चालला. जुलै २०१० पासून त्यातील गाणी महिन्याला एक याप्रमाणे महाजालावर विनामूल्य देण्यात आली, आणि कॅसेट-सीडीच्या कंपन्यांवर विसंबून राहिलेल्या भारतीय संगीतव्यवसायात हा निर्णय धीटपणाचाच होता. सुस्मित सेन २०१३ मध्ये बाहेर पडले. त्यानंतरच्या ‘तांदनू’ (२०१४) या अल्बमात शुभा मुद्गल, शंकर महादेवन या गायकांबरोबर, इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि न्यूयॉर्ककडे वाढलेला तबलावादक कर्ष काळेही पाहुणा म्हणून आला. त्या बँडमध्ये पूर्वीची चौकडी शोधणे न्याय्य नाही, तरी गाणी ऐकण्यासारखी आहेत.

क्रम विचारशील तर आधी १ जानेवारी १९९७ रोजी दिल्लीत प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित झालेला ‘डेझर्ट रेन’ घ्यावा, मग ‘कंदिसा’ एका बैठकीत पूर्ण ऐकावा, त्यानंतर चित्रपट पाहावा आणि लगेच ‘मा रेवा’ पुन्हा लावावे. तुझ्या आईलाही सोबत बसव.



तुझा मामा