बेरी वेचायला पलीकडे

१२ ऑगस्ट, यलोनाइफ (उत्तर कॅनडा)
ब्लूबेरी पिकल्या. ऑफिसच्या वाटेवरही खडकांच्या फटींत दिसतात, पण कोणी वाकत नाही. जुन्या ‘जायंट’ सोन्याच्या खाणीच्या आसपासची बेरी, अळंबी खाऊ नका, असा सरकारी सल्ला आहे.

१४ ऑगस्ट
आज खाणीबद्दल वाचत बसले. १९४८ ला सोनं निघू लागलं, २००४ ला खाण बंद. इथलं सोनं आर्सेनिकच्या खनिजात अडकलेलं. दगड भाजला की सोनं सुटतं आणि आर्सेनिकचा, म्हणजे सोमलाचा, धूर होतो. पहिली काही वर्षं तो सरळ आकाशात सोडला. खाली इथले मूळ रहिवासी, डेने लोक, बर्फ वितळवून पाणी पीत. १९५१ मध्ये त्यांचं दोन वर्षांचं पोर दगावलं. भरपाई साडेसातशे डॉलर. पुढे धुराड्यात अडवलेली पूड खाणीच्याच पोटात साठवली. २,३७,००० टन! ती गोठवून कायमची तिथेच ठेवायची, अशी मूळ योजना होती. ‘कायमची’ हा शब्द कारकुनी कागदावर किती सहज उमटतो.

१७ ऑगस्ट
एनडिलो या जवळच्या डेने वस्तीतल्या एका आजींकडे चहा. खिडकीतून खाणीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ती आमच्या आईची बेरीची जागा. आई सांगायची, कुठलं झुडूप आधी पिकतं, अस्वल कुठून उतरतं. मी नातीला काय सांगते? इथे तोडू नकोस, त्या तळ्यातला मासा नको.”

पाण्यातलं, मातीतलं विष मोजता येतं. आईकडून लेकीकडे जायचं ज्ञान असं नुसत्या मनाईवर आलं, ते कुठल्या रकान्यात लिहायचं? भरपाईचे हिशेब मी रोज बघते. असा रकाना मला दिसलेला नाही.

२० ऑगस्ट
ठाण्याहून वहिनींचा फोन. “कॅनडाचा हिरा चांगला ना गं? रक्ताचा डाग नसलेला?” हो म्हटलं, ते खरंच आहे. पण एकाटी (१९९८) आणि डायविक (२००३) या हिऱ्यांच्या खाणी बाथर्स्ट कॅरिबूंच्या, म्हणजे इथल्या रानटी रेनडिअरच्या एका कळपाच्या, मुलखात आहेत. १९८६ मध्ये हा कळप साडेचार लाखांवर होता, २०२१ मध्ये सव्वासहा हजारांच्या आसपास. सगळं खाणींवर ढकलता येत नाही; हवामान आहे, वणवे आहेत, कळपांची स्वतःची चढउतारही असते. तरी खाणींपासून कॅरिबू लांब राहतात, हे अभ्यासकही सांगतात आणि म्हातारे शिकारीही. २०१० पासून या कळपाच्या शिकारीवर मूळ रहिवाशांनाही निर्बंध आहेत. शिकार नाही म्हणजे कातडं कमावणं नाही, मांस वाळवणं नाही, आणि ते करताना पोरांना सांगायच्या गोष्टीही नाहीत.

वहिनींना यातलं काही सांगितलं नाही. साखरपुड्याची अंगठी आहे.

२३ ऑगस्ट
आजींचा मुलगा डायविकवर ट्रक चालवायचा. दोन आठवडे तिकडे, दोन घरी. त्याच पगारातून त्याने मोटरबोट घेतली. “खाण नसती तर बोट नसती,” आजी हसून म्हणाल्या, “आणि खाण नसती तर बेरीसाठी बोट लागलीच नसती.” पहिली खाण हिऱ्याची, दुसरी सोन्याची, हे मला क्षणभराने उमगलं.

शनिवारी शाळेतल्या मुलींना घेऊन आजी सरोवराच्या पलीकडे, धुराचा वारा पोचला नाही तिकडे निघाल्या आहेत. पेट्रोल महाग, म्हणून वर्गणी. मी दिली. डबे धरायला चला म्हणाल्या. सकाळी सातला धक्क्यावर, डासांची जाळी विसरायची नाही.