अठ्ठेचाळीस मिनिटांचा हिशोब



आजचा विषय जरा संकोचाचा आहे. आपण जमलो की गुडघे, थायरॉइड, मोतीबिंदू सगळ्यावर बोलतो, पण घरातल्या पुरुषांच्या प्रोस्टेटबद्दल कुणी तोंड उघडत नाही. मीही उघडलं नव्हतं, आणि तीच माझी चूक झाली.

आमच्या ह्यांचं वय ६९. गेल्या चातुर्मासात त्यांनी स्थानकात सामायिकाला बसणं सोडलं. रोजचा नेम मोडला म्हणून मी टोमणे मारायची, "म्हातारपणी धर्म वाढायचा, तर तुमचा कमी व्हायला लागला!" ते गप्प राहायचे. रात्री तीन-चार वेळा उठायचे, तेही मला कळायचं. वय झालं, असं धरून चालले.

पर्युषणाच्या तिसऱ्या दिवशी सर्दी झाली म्हणून त्यांनी मेडिकलमधून गोळी आणून घेतली आणि संध्याकाळपासून लघवी पूर्ण अडली. ओटीपोट टणक, अंग घामाने भिजलेलं. मध्यरात्री दवाखान्यात नळी घातली तेव्हा जिवात जीव आला. डॉक्टर म्हणाले, सर्दीच्या काही औषधांनी लघवीची वाट आवळली जाते. प्रोस्टेट आधीच वाढलेली असेल तर ती बंदच होते.

ही ग्रंथी मूत्राशयाखाली, लघवीच्या नळीभोवती असते. तरुणपणी अक्रोडाएवढी. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं अधिक जोरकस हार्मोन तयार होतं आणि त्याच्यामुळे ती वयाबरोबर वाढते. साठीच्या आसपास जवळजवळ निम्म्या पुरुषांत ही वाढ दिसते. हा कॅन्सर नव्हे. मात्र दोन्हींची लक्षणं सारखी असू शकतात, म्हणून तपासणी हवीच. सुटलेलं पोट आणि मधुमेह असणाऱ्यांत हा त्रास जास्त आढळतो.

नळी काढल्यावर डॉक्टरांनी तीन दिवसांची नोंद मागितली. मी बी.कॉम., वह्या लिहायची सवय जुनीच! मापाचा ग्लास ठेवला. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला लघवी, वेळेसकट. ताळेबंद जुळेना. आम्ही चोविहार करतो, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब नाही, शिवाय हे दिवसाही पाणी तोडत होते. तरी रात्री एवढी लघवी कुठून? साखर तपासली तर वाढलेली निघाली. साखर जास्त झाली की शरीर ती लघवीवाटे बाहेर टाकतं, सोबत पाणीही जातं. दिवसा जेवतो म्हणून आपण निरोगी, हा माझा भ्रम होता. पारण्याची मिठाई, फरसाण आणि दुपारची झोप यांचा हिशोब मी कधी मांडलाच नव्हता.

आता रोज सकाळ-संध्याकाळ चालणं, ताटात भाकरी आणि मूग, मिठाई सणापुरती. पाणी दिवसा व्यवस्थित, चहा दुपारनंतर बंद. गोळी चालू आहे. तिने उभं राहताना चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री आधी पलंगावर बसायचं, मग उठायचं. आता रात्री एकदाच उठतात.

नळी अजून लावलेली होती तेव्हाच संवत्सरी आली. प्रतिक्रमण घरीच केलं. त्या वेळी ते हळूच म्हणाले, "सामायिक ४८ मिनिटांचं. मला अर्धा तासही धीर धरवत नव्हता. सगळ्यांमधून कसं उठू, म्हणून जात नव्हतो." मी धर्माची ढिलाई म्हणत होते, ती शरीराची लाज होती. त्या दिवशी मिच्छामि दुक्कडम् म्हणताना माझा आवाज फुटेना.

मैत्रिणींनो, घरातला पुरुष रात्री वारंवार उठत असेल, मोरीत बराच वेळ लावत असेल, प्रवास किंवा स्थानक टाळत असेल, तर टोमणा मारू नका. जवळ बसून विचारा. सर्दीची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

गेल्या महिन्यापासून हे पुन्हा सामायिकाला बसतात. जागा तेवढी बदलली आहे, दाराजवळची.