फोटो कोणी काढला?

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या घरांत जुनी ट्रंक उघडली की मुंबई निघतेच, पण ती पडद्यावर रंगवलेली. गिरणीत किंवा गोदीत कामाला लागलेला चाकरमानी स्टुडिओत जाऊन स्टुडिओचाच कोट अंगात चढवायचा. मागे रंगवलेले खांब, संगमरवरी जिना, कारंजं. तो फोटो गावी यायचा आणि माजघराच्या भिंतीवर लागायचा. असे फोटो दुरुस्त करणं आणि टिकवणं हे माझं काम. मुंबईत काढलेले कितीतरी फोटो हाताखालून गेले, पण त्यांत मुंबईचा रस्ता जवळपास कधीच नसतो. म्हणूनच १९३० च्या दशकाच्या अखेरीस छायाचित्रकार होमाई व्यारावालांनी त्याच शहरात काढलेल्या फोटोंकडे मी पुन्हा पुन्हा वळतो.

होमाईंचा जन्म ९ डिसेंबर १९१३ चा, नवसारीचा. वडील उर्दू-पारशी नाटक कंपनीत नट, त्यामुळे बालपण फिरतीवर गेलं आणि मग मुक्काम मुंबईत पडला. सेंट झेवियर्स कॉलेज झालं, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट झालं. कॅमेरा शिकवला माणेकशॉ व्यारावालांनी. ते ‘टाइम्स ऑफ इंडिया’त हिशेबनीस होते, फोटोही काढत, आणि पुढे त्यांच्याशीच होमाईंचं लग्न झालं. बायकांच्या एका क्लबच्या सहलीचे होमाईंनी काढलेले फोटो ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने छापले आणि फोटोमागे एक रुपया दिला.

या काळातले मला सर्वांत आवडणारे फोटो रेहाना मोगल यांचे. त्या जे. जे.मधल्या होमाईंच्या वर्गमैत्रीण. त्या काळी स्टुडिओत बाईचा फोटो कसा निघे ते आपल्या घरोघरच्या भिंतींवर आहे. कडक पाठीची खुर्ची, मांडीवर हात, दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर, शेजारी उभे यजमान, आणि डोळ्यांत ‘आता हलू नका’ या हुकुमाची धास्ती. रेहानाच्या फोटोंत ही धास्ती नाही. इथे एक मैत्रीण दुसरीला निवांत बघते आहे आणि बघितलं जातंय याचा दुसरीला संकोच नाही. पुरुष छायाचित्रकाराला, तो कितीही हुशार असो, त्या काळात हे मिळणं कठीण होतं.

यात थोडा वाटा कॅमेऱ्याचाही असावा. रोलायफ्लेक्स हा होमाईंचा आवडता कॅमेरा. तो डोळ्याला लावत नाहीत, पोटाशी धरतात आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघतात. काचेत दिसणारं चित्र सुलट पण डावं-उजवं उलटं, त्यामुळे चौकट बसवायला सराव लागतो. एका रोलमध्ये बारा फोटो, म्हणजे उधळमाधळ नाही. पण दोन फायदे मोठे. फोटो काढणाऱ्याचा चेहरा यंत्रामागे लपत नाही, समोरच्या माणसाशी बोलणं चालू राहतं. आणि भिंग कमरेच्या उंचीवर असल्यामुळे समोर उभी असलेली व्यक्ती किंचित खालून टिपली जाते, उंच आणि ताठ दिसते. स्टुडिओत अवघडून बसलेल्या त्या बाईशेजारी हे ठेवून बघा.

शहरही त्यांनी असंच टिपलं, पडदा काढून. जे. जे.चे विद्यार्थी, रस्ता, व्हिक्टोरिया टर्मिनस. (आपली माणसं मात्र बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरत, कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ उजाडलं.) चित्रकलेचं शिक्षण या चौकटींत दिसतं. रिकामी जागा कुठे सोडायची ते या हाताला माहीत आहे.

हे फोटो ‘इलस्ट्रेटेड वीकली’मध्ये छापून आले ते मात्र माणेकशॉंच्या नावाने. होमाईंचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं, त्यातून त्या बाई. वाचकांनी फोटो पाहिले, वाखाणले असतील, पण ते कोणी काढले हे त्यांना कळलं नाही.

१९४२ मध्ये त्या ब्रिटिश माहिती खात्याच्या नोकरीसाठी दिल्लीला गेल्या. पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. फाळणीची बैठक, लाल किल्ल्यावरचा झेंडा, गांधीजींची अंत्ययात्रा, कबुतर सोडणारे नेहरू. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि १५ जानेवारी २०१२ ला वडोदऱ्यात त्या गेल्या. दिल्लीतल्या फोटोंचं मोल मोठंच आहे, पण व्यक्तिचित्रं म्हणून मला मुंबईचे फोटो सरस वाटतात. दिल्लीत इतिहास स्वतः चालत भिंगासमोर येत होता. मुंबईत काय बघायचं हे होमाई स्वतः ठरवत होत्या.

आमच्या धंद्यात नाव नसलेल्या बाया पुष्कळ. होमाई जन्मल्या त्याच वर्षी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. त्याच्या कच्च्या फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवणं, फिल्म धुणं ही कामं सरस्वतीबाई फाळके करत होत्या. गावोगावच्या स्टुडिओंतही निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने टचिंग करणं, प्रिंटवर रंग भरणं, हायपोच्या रसायनातून काढलेल्या प्रिंट धुऊन वाळत घालणं हे पुष्कळदा घरातल्या बायकांनी केलं. पुठ्ठ्यावर ठसा उमटला तो मालकाचा.

आता आपल्या घरांकडे येतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगतो, त्यावर बुरशी धरते, कसर कागद खाते आणि चांदी कडांना येऊन आरशासारखी चमकते. बाहेरच्या ओल्या भिंतीवर फोटो टांगू नका. चिकट पानांचे अल्बम वापरू नका, फाटलेल्या फोटोला सेलोटेप लावू नका. काचेला चिकटलेला फोटो ओढून सोडवू नका, तो काचेसकट जाणत्या माणसाकडे न्या. एवढं पाळलं तर कागद टिकेल.

नाव मात्र आपोआप टिकत नाही. चाकरमानी घरी आले की म्हातारी माणसं अजून सांगतात, ह्यो कोण, ह्यां कोण. त्यांच्याजवळ बसा. फोटो पालथा घालून कडेला मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहा: कोण, कुठे, साधारण कधी. बॉलपेन नको, ते पुढून उमटतं. आणि शेवटी एक ओळ फोटो कोणी काढला, कोणी रंगवला याची. ते काम आजीने, मावशीने, आत्याने केलं असेल तर त्यांचं नाव पूर्ण लिहा.